सातवा सुरुंग

तुर्भे हे गाव डोंगर आणि खाडी यांच्या मध्ये वसलेले आहे. पूर्वेला पारसिकच्या डोंगररांगेचा काळा पाषाण, तर पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि तिच्या काठची तिवरांची दाट राई. खाडीपलीकडे, मुंबईच्या अंगाला, आणखी एक तुर्भे आहे. इंग्रजीत त्याला ट्रॉम्बे म्हणतात. एकाच नावाची दोन गावे आणि मध्ये पाणी, अशी ही मौज आहे. अलीकडच्या तुर्भ्यात आज रेल्वे आहे, कारखाने आहेत, गोदामे आहेत. ही हकिकत मात्र तेथल्या डोंगरात दगडाच्या खाणी चालू होत्या, त्या वेळची आहे.

खाणीपासून काही अंतरावर एका झोपडीत बारा वर्षांचा एक मुलगा राहत असे. त्याचे वडील सुरुंग लावणाऱ्या टोळीत होते. सकाळी कामावर निघताना ते उंबऱ्यापाशी थांबत आणि एवढेच सांगत, "आज पाच," किंवा "आज आठ." तेवढी भोके त्या दिवशी दारूने भरायची असत. दुपारी भोंगा वाजला की आई हातातले काम टाकून बोटांवर धडाके मोजू लागे. आकडा पुरा भरला की तिचा जीव खाली पडे आणि ती पुन्हा भाकऱ्या थापू लागे. एखादा कमी भरला तर मात्र तिच्या हातांतले बळच जाई. न उडालेला सुरुंग खडकात दबा धरून बसलेला असतो, आणि त्याचा शोध घ्यायला शेवटी माणसालाच जावे लागते.

मुलगा त्या वेळी बाहेर एका उंच कातळावर बसून खाणीकडे पाहत असे. त्याच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली होती. खाणीत धुरळ्याचा लोट उठे, तो डोळ्यांना दिसे, आणि त्यानंतर एक, दोन असे सावकाश मोजून झाल्यावर धडाका कानी पडे. मोठा धडाका तरी लवकर यावा, असे त्याला वाटे. पण लहान असो वा मोठा, दोन मोजल्याखेरीज तो कधीच आला नाही.

त्याने शाळेत गुरुजींना विचारले. गुरुजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी एक लांब दोर मागवला, त्याचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधले, मधोमध एक तांबडी चिंधी अडकवली आणि दुसरे टोक मुलाच्या हाती दिले. मुलाने झटका देताच दोराला एक उंचवटा आला आणि तो सरसर धावत गजापर्यंत गेला. चिंधी मात्र वर गेली, खाली आली आणि जागच्या जागी राहिली. त्याने जोराने झटका दिला. उंचवटा मोठा झाला, पण तो आधीपेक्षा लवकर पोहोचला नाही. गुरुजींनी दोर ताणून धरायला सांगितला, तेव्हा कोठे त्याची धाव वाढली.

"झटक्याच्या जोरावर लाटेची उंची ठरते, तिला आयाम म्हणतात," गुरुजी म्हणाले. "वेग ठरतो तो ज्यातून ती जाते त्या माध्यमावर. आता हात भराभर हलव बघू." मुलाने हात हलवताच दोरावर लाटांची रांग उभी राहिली. एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर ती तरंगलांबी, आणि एका सेकंदात जितक्या लाटा निघतात ती वारंवारता. या दोहोंचा गुणाकार केला की वेग मिळतो. हात जितका भराभर हाले, तितक्या लाटा आखूड होत.

हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेथे लाटेला दोरासारखे माथे नसतात. हवेत कोठे दाटी, कोठे विरळपणा होतो आणि ती दाटी पुढे सरकत जाते. झोपडी खाणीपासून सुमारे ७०० मीटरांवर होती, म्हणून दोन सेकंद. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो आणि त्याला माध्यमाचीही गरज लागत नाही; त्यामुळे धुरळा उठताक्षणी दिसे. या दोघांखेरीज तिसरा जासूद होता, तो पायांखालून येई. कठीण खडकातून लाट सेकंदाला काही किलोमीटर जाते. धडाका ऐकू येण्यापूर्वीच आईच्या तांब्यातले पाणी थरथरून त्यावर बारीक वलये उमटत.

अशा लाटेचा पल्ला किती असावा? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या परिसरात मोठा भूकंप झाला, तेव्हा त्याचा हादरा दूर मुंबईपर्यंत जाणवला. कोयनेचा एक खडाही मुंबईला आला नव्हता. दोरावरची चिंधी जागची हलली नाही आणि झटका मात्र गजापर्यंत गेला, तसेच हे.

एके दिवशी वडील "आज सात" असे सांगून गेले. खाणीला तेव्हा दोन तोंडे होती. एक झोपडीच्या बाजूचे आणि दुसरे त्यामागे सुमारे १७० मीटरांवर. भोंगा झाला. आईने मोजले, तर धडाके भरले सहा. ती तशीच दाराशी बसली.

मुलगा कातळावरून धावत आला. "आई, सातही उडाले! मी पाहिले!"

"मला सहाच ऐकू आले, बाळ."

खरोखर, तिच्या कानांनी तिला फसवले नव्हते. मुलाने पाहिले होते ते असे : धुरळ्याचा एक लोट पलीकडच्या तोंडाशी उठला आणि अर्ध्या सेकंदाने दुसरा अलीकडे उठला. पण पलीकडच्या आवाजाला १७० मीटर अधिक यायचे होते, म्हणजे नेमका अर्धा सेकंद अधिक. आधी निघालेला आणि मागाहून निघालेला, असे दोन्ही आवाज झोपडीशी एकाच क्षणी पोहोचले. दोन लाटा एके ठिकाणी भेटल्या की त्या एकमेकींना अडवत नाहीत. त्यांची तेवढ्यापुरती बेरीज होते आणि मग त्या आपापल्या वाटेने जातात. मुलाने हे सारे धापा टाकत, बोटाने जमिनीवर रेघा ओढून आईला सांगितले.

आई बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "तो एक धडाका मोठा होता खरा. आणि त्याच्या आधी तांब्यातले पाणी दोनदा हलले होते."

तरीही ती दारातून उठली नाही. वडील आले ते दिवस मावळताना, अंगभर पांढरी भुकटी घेऊन. दोन्ही तोंडांच्या मधल्या अंगाला आडोशाला ते उभे होते. त्यांनी सातही धडाके वेगवेगळे ऐकले होते. त्यांनी पाणी मागितले. आईने तोच तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला, तेव्हा आई पदराला हात पुशीत बाहेर आली आणि कातळावर मुलाच्या शेजारी बसली.