रानातून बोलणारा ट्रक

पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते. ते भेदण्यासाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. आंबोलीच्या जंगलात, ट्रकमध्ये बसवलेल्या प्रक्षेपकावरून कोकणी व पोर्तुगीज भाषांत बातम्या जाऊ लागल्या. पुढे केंद्र कॅसलरॉकला हलले.

रानात तारेची वीज नसे. तिथे फिरत्या केंद्राचे आयुष्य इंधन आणि बॅटरी यांवरच तोललेले असे. ऐकण्यास थोडी वीज पुरते, प्रक्षेपणास कितीतरी अधिक लागते. त्या काळच्या यंत्रांतील व्हॉल्व्ह निवेदक गप्प असतानाही वीज खात. शिशाची बॅटरी पुरती उतरली आणि तशीच राहिली, तर पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग ती पूर्ववत भरत नाही. इंजिन संथ ठेवावे तर डायनामो पुरेसा प्रवाह देत नसे. वेगात चालवावे तर डिझेल जळे आणि आवाज दूरवर जाई.

एक दिवस आवाज थांबला, तर केंद्र पकडले गेले असेच श्रोत्यांना वाटले असते. हा आवाज मात्र डिसेंबर १९६१ पर्यंत टिकला. मुक्तीची वार्ता याच दोघांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून गोव्याला दिली.