आगाशीचे बंदर आणि आकाशातले धवलशेठ

विरार स्थानकाच्या पश्चिमेस उतरून रिक्षाने किंवा बसने पाच-सहा किलोमीटर गेले की आगाशी येते. नव्या इमारतींनी बराच भाग व्यापला असला तरी रस्त्यालगत अजून वाड्या दिसतात. केळी, नारळ, पानवेली, भाजीचे वाफे. राजेळी केळे सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही या गावाची जुनी ख्याती असून इंग्रजी अमदानीतील ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही तिची नोंद घेतली आहे. चाळपेठेत श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय आहे. शनिवारी तेथे विशेष गर्दी असते. मुंबईच्या बाजारपेठांतील व्यापारी कुटुंबे पहाटेच्या लोकलने येतात, पूजा-चैत्यवंदन आटोपतात आणि दुकान उघडण्याच्या वेळेपर्यंत परत पोहोचण्याची घाई करतात.

या यात्रेकरूंत अलीकडे निराळ्या चिंतेची कुटुंबेही असतात. मुलगा किंवा मुलगी वैमानिक झालेली असते. विमानाच्या विशिष्ट प्रकाराचे प्रशिक्षण धरून खर्च कोटीच्या घरात गेलेला असतो. आणि आता प्रश्न असतो तो देशातली प्रवासी विमानसेवा सोडून मालवाहू विमानावर जावे की परदेशी कंपनीचा करार पत्करावा, याचा. आगाशीला येऊन हा प्रश्न मनात आणणे वरवर विसंगत वाटेल. प्रत्यक्षात समुद्रावर माल नेणाऱ्यांचे करार, त्यांची जोखीम आणि त्यांची देवभक्ती यांवरच हे गाव वाढलेले आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी आगाशी लाकडाच्या व्यापारासाठी आणि जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. १५३० आणि १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षे पोर्तुगिजांनी ती लुटली. लुटारू एकाच गावी दोनदा येतो तेव्हा पहिल्या खेपेनंतरही तेथे लुटण्याजोगे काही उरलेले असते, एवढे तरी खरे. दक्षिणेस सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. उत्तरेस वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचा बेटावरचा किल्ला, जो १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. या पट्ट्यात मालाची ने-आण हा किमान दोन हजार वर्षांचा धंदा आहे.

जिनालयाशी मोतीशा शेठ यांचे नाव जोडलेले आहे. मुंबईच्या भायखळ्याचे आदिनाथ मंदिर, १८३४ साली स्थापन झालेली मुंबईची पांजरापोळ आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूंक ही त्यांची कीर्तिस्थळे. चीनशी कापूस आणि अफू यांचा व्यापार करणारे ते जहाजमालक होते. त्यांचे एक जहाज आगाशीच्या किनाऱ्याजवळ अडले, तेव्हा त्यांनी येथे जिनालय बांधण्याचा संकल्प केला आणि जहाज मार्गी लागले, असे परंपरा सांगते. मूलनायकांची प्रतिमा सोपाऱ्याच्या तलावातून मिळालेली, श्रीपाल राजाच्या काळची, अशीही भाविकांची धारणा आहे.

श्रीपालाची कथा प्रत्येक जैन घरात ठाऊक असते. चैत्र आणि आश्विनातील ओळीत, आयंबिलाच्या नऊ दिवसांत, विनयविजयजी आणि यशोविजयजी यांचा रास वाचला जातो. मयणासुंदरीची श्रद्धा आणि नवपदाचे माहात्म्य यांकडे सर्वांचे लक्ष असते, ते योग्यच. परंतु त्या कथेत नोकरीच्या वाटाघाटीचा एक प्रसंग आहे आणि व्यापारी वाचकाने तेथे थोडे थांबायला हवे. भरूचच्या बंदरात अडलेली धवलशेठची पाचशे जहाजे श्रीपाल मोकळी करतो. शेठ त्याला चाकरीत घेऊ पाहतो. दहा हजार शिपायांना मिळून जेवढा पगार तुम्ही देता तेवढा मला एकट्याला द्या, असे श्रीपाल म्हणतो. शेठ हिशेब करतो, आकडा कोटीचा निघतो, आणि तो नकार देतो. मग श्रीपाल चाकर म्हणून न जाता दरमहा शंभर सोनैये भाडे भरून प्रवासी म्हणून जहाजावर चढतो. पुढे बब्बरकुळात शेठ राजाच्या कैदेत सापडतो. त्याला सोडवण्याच्या मोबदल्यात श्रीपालाला निम्मी जहाजे मिळतात. नेमकी येथूनच शेठची नियत फिरते आणि तो श्रीपालाला भर समुद्रात ढकलून देतो. श्रीपाल तरंगत कोकणच्या किनाऱ्यास, ठाण्याला लागतो. मोबदला ठरवताना शेठ सावध होता, लेखी बोललेले त्याने दिलेही. मात्र भागीदार डोईजड वाटू लागताच त्याला जहाजावरून उतरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे कुठल्याही बोलीत ठरलेले नव्हते.

वैमानिकांच्या जगात असे धवलशेठ पुष्कळ झाले. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर आली. त्याआधीचे काही महिने वैमानिकांना पगार मिळालेला नव्हता. पुनरुज्जीवनाच्या आशेवर पाच वर्षे गेली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची मालमत्ता विकून कारभार गुंडाळण्याचा आदेश दिला. गो फर्स्ट, तीही मुंबईचीच, मे २०२३ मध्ये थांबली. त्यापूर्वी २०१२ मध्ये किंगफिशर. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिकांचा मोठा ओघ आखाताकडे आणि पूर्व आशियाकडे गेला. त्याउलट २०२० च्या साथीत परदेशांतून करारावरचे वैमानिक आधी कमी केले गेले, कारण स्थानिक वैमानिकाला कायद्याचा व संघटनेचा आधार होता आणि पाहुण्याला कराराच्या एका कलमाचा.

देशातील नोकरीही पूर्वीइतकी सुखाची नाही आणि पूर्वीइतकी असुरक्षितही नाही. २०१७ पासून प्रमुख वैमानिकाला नोकरी सोडण्यापूर्वी एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. परदेशातील जागा एवढा काळ थांबत नाही, म्हणून कित्येक संधी हातच्या जातात. विश्रांतीचे नियम मात्र सुधारले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले: साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रपाळीतील लँडिंगची मर्यादा सहावरून दोन. ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. दुसरा टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आणि डिसेंबरच्या आरंभी, पुरेशा वैमानिकांची तजवीज न झाल्याने, इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. लग्नसराईत अडकलेल्या कुटुंबांनी विमानतळांवर काढलेल्या त्या रात्री अनेकांना आठवत असतील. त्यानंतर काही तरतुदींना तात्पुरती सूट दिली गेली. थकलेल्या माणसाला झोप मिळावी म्हणून केलेला नियम, आणि तो पाळताना गैरसोय झाली म्हणून नियमालाच दोष, असा तो प्रकार होता.

मालवाहू विमानसेवेत रात्रीचा प्रश्न अधिक कठीण होतो. कुरियरचा माल संध्याकाळी गोळा होतो आणि पहाटे पोहोचावा लागतो. ब्लू डार्टची मालवाहू विमाने १९९६ पासून देशात उडत आहेत. इंडिगोनेही २०२२ मध्ये मालवाहू विमान घेतले. या कामात प्रवाशांचा गोंधळ नाही, केबिनमधल्या कटकटी नाहीत, वेळापत्रक पुष्कळदा ठरलेले असते. परंतु देहाचे घड्याळ उलटे होते. अमेरिकेने एका भीषण अपघातानंतर विश्रांतीचे कडक नियम केले, जानेवारी २०१४ पासून लागू केले, आणि मालवाहू कंपन्यांना त्यांतून वगळले. पेट्यांना झोप लागत नाही हे खरे, पण त्या नेणाऱ्याला लागते. मालाचाही स्वभाव असतो. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या विमानात लिथियम बॅटऱ्यांच्या मालात आग लागून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. २९ एप्रिल २०१३ रोजी बगराम येथे नॅशनल एअरलाइन्सच्या विमानातील चिलखती गाड्या उड्डाणाच्या वेळी सुटून मागे सरकल्या आणि सातही जण गेले. पाठीमागे काय भरले आहे आणि ते कसे बांधले आहे, हे न पाहता बिल्टीवर सही करू नये हे आपल्या पेढ्यांवरील मुनीम पूर्वापार सांगत आले.

‘काय भरले आहे’ या प्रश्नाला जैन घरात आणखी एक अर्थ आहे. जून २०१८ मध्ये नागपूर विमानतळावरून शारजाला जिवंत शेळ्या-मेंढ्या विमानाने पाठवण्याचा बेत ठरला होता. जैन समाजाने तीव्र विरोध केला आणि तो बेत बारगळला. त्या विमानाच्या वैमानिकाचा विचार त्या वेळी फारसा कोणी केला नाही. शास्त्रात श्रावकासाठी निषिद्ध मानलेल्या पंधरा कर्मादानांत भाटककर्म, म्हणजे भाड्याने वाहतूक करणे, हेही आहे. आजच्या काळात त्याचा अर्थ कसा लावावा हे गुरुमहाराजांनाच विचारावे. परंतु मालवाहू विमानावर कधी ना कधी पशू किंवा मांस असणारच, आणि कनिष्ठ वैमानिकाला माल निवडण्याचा अधिकार नसतो. हे रुजू होण्याआधी घरात बोलले गेले पाहिजे. रुजू झाल्यावर ते कळले तर दोन वर्षांचा बाँड आड येतो.

सहावे व्रत दिग्व्रत. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण या दिशांबरोबर वर आणि खाली किती जायचे याचीही मर्यादा श्रावकाने बांधायची, आणि तत्त्वार्थसूत्राने ऊर्ध्व दिशेची मर्यादा ओलांडणे हा पहिला अतिचार सांगितला आहे. पस्तीस हजार फुटांवर नोकरी असणाऱ्याने हे व्रत घ्यायचे तर मर्यादा मोठी ठेवावी लागेल, पण ती ठेवता येते. रात्रिभोजन त्यागाचे तसे नाही. चौविहार करणाऱ्या वैमानिकाला मध्यरात्रीची पाळी म्हणजे अन्नपाण्याविना पहाटेपर्यंत सावध राहणे. कॉकपिटमधील हवा फार कोरडी असते आणि पाण्याविना लक्ष ढळते. दोनशे प्रवाशांचा जीव हाती असताना याबाबत धर्मगुरूंचे आणि वैद्यांचे मत आधी घेणे श्रेयस्कर. मालवाहू विमानात एक सोय मात्र आहे: जेवण बहुधा स्वतःच गरम करून घ्यायचे असल्याने घरचा डबा चालतो.

परदेशी कराराचा आकडा मोठा दिसतो, आणि तोच फसवतो. अनेक करारांत मालक विमान कंपनी नसून मधली एजन्सी असते; आपल्या भाषेत अडत्या. पगार थकला तर कोणाच्या दारी जायचे, कोणत्या देशाच्या न्यायालयात, हे तेथेच ठरते. ‘वीस दिवस काम, दहा दिवस घरी’ हे ऐकायला गोड. त्या दहा दिवसांचे पैसे मिळतात का, घरी येण्याचे तिकीट कोणाचे, उड्डाणेच कमी झाली तर किमान किती तासांचे वेतन हमखास, हे विचारावे लागते. प्रशिक्षणाचा खर्च कंपनी देते तेव्हा तो बाँडच्या रूपाने डोक्यावर राहतो, आणि कंपनीने काढून टाकले तरी तो माफ होतोच असे नाही. वैद्यकीय तपासणीत नापास झाल्यास परवाना जातो. त्याचा विमा कोणी उतरवायचा? आपला भारतीय परवाना आणि त्याची वैद्यकीय मुदत चालू ठेवणे ही तर परतीच्या वाटेची पणती, ती विझू देऊ नये. परदेशात किती दिवस राहिले त्यावर प्राप्तिकर ठरतो, म्हणून कुटुंबाच्या सनदी लेखापालाला आधीच बोलवावे.

यात एक विचित्र गोष्ट नेहमी दिसते. सुताच्या एका गाठीचा सौदा करताना वटाव, मुदत, दलाली आणि घट यांवर तासभर घासाघीस करणारे वडील मुलाच्या किंवा मुलीच्या चाळीस पानी करारावर ‘इंग्रजी आम्हाला काय कळते’ म्हणून नजरही टाकत नाहीत. करारातील कलमे ही वटाव-मुदतीचीच भावंडे आहेत. रक्कम कोण देणार, कधी देणार, न दिल्यास काय, आणि सौदा मोडायचा तर कोणाच्या मर्जीने, हे चार प्रश्न पेढीवर बसलेल्या माणसाइतके नेमके कोणताही वकील विचारणार नाही.

याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवण येथे, ३० ऑगस्ट २०२४ रोजी नव्या महाकाय बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. मालाची विमाने जसजशी घराजवळ येतील तसतसे दोहा किंवा हाँगकाँगला जाण्याचे कारण काही जणांसाठी कमी होईल, काहींसाठी होणार नाही. तोवर शनिवारच्या लोकलने आगाशीला येणाऱ्यांत एखादा तरुण रात्रपाळी संपवून थेट विमानतळावरून आलेला असतो. त्याची नवकारशी व्हायची असते, आणि सुकेळ्यांची पुडी घेऊन तो परतीच्या गाडीत बसतो, बसल्या बसल्या झोपी जातो.