वाटी, छर्रे आणि मोरीचा उतार

आमच्या काळ्या सायकलचं हँडल मधोमध आलं की आतून ‘खट्’ व्हायचं आणि तिथून ते हलवायला जोर लागायचा. गावातले मिस्त्री हँडल एकदाच फिरवून म्हणाले, “वाटी गेली की ओ. ठिवून जावा.” मी ठेवायला नेली तोवर ते नवरात्रासाठी तुळजापूरला गेलेले, दुकानाला कुलूप. मी विमा विकतो. माझ्या हातात पाना बघून आई म्हणाली, “आधी सायकलीचा विमा उतरव.”

वरचा बोल्ट सैल केला, तरी हँडल हलेना. चाक पायांत धरून बराच वेळ ओढत बसलो. मुलीने मोबाइलवर बघून सांगितलं की, बोल्टच्या खालच्या टोकाला पाचर असते. आवळताना ती वर ओढली जाते आणि नळीत रुतते. बोल्ट चार आटे सैल करायचा, वर लाकडाचा तुकडा ठेवून ठोकायचा, म्हणजे पाचर सुटते. एका ठोक्यात सुटली. हँडल बोटभर वर आलं आणि पुन्हा अडकलं. पुढच्या ब्रेकची दांडी मी सोडवलीच नव्हती.

ती सोडवल्यावर हँडल निघालं, पण त्याखालच्या चेकनटला बसेल असा पाना घरात नव्हता. शेजाऱ्यांकडून बोअरची मोटार काढायचा पाईप पाना आणला. नट निघाला, वरची वाटी आट्यांवरून फिरवत काढली, आणि चिमटा (चाक धरणारा तो दुहेरी दांडा) सुळकन खाली घसरला. छर्रे चहूकडे उधळले. शहाबादी फरशीला मोरीकडे उतार दिलाय, असं घर बांधताना गवंडी म्हणाला होता. तो खरं बोलला होता. जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधून मोरीच्या जाळीतून छर्रे काढले. त्यांच्याबरोबर बायकोची हरवलेली सेफ्टीपिनही आली. घरात कौतुक झालं ते पिनेचंच.

खालची वाटी डिझेलमध्ये धुतली तेव्हा खरा प्रकार दिसला. छर्रे जिथे टेकतात त्या गोल पट्टीवर बारीक खड्ड्यांची माळ होती. पुढच्या आणि मागच्या बाजूला नख अडकेल इतकी खोल, कडेला जवळजवळ नाहीच. चाकातले छर्रे सतत फेऱ्या मारतात, त्यामुळे झीज सगळीकडे वाटली जाते. हँडल मात्र रस्त्यावर दोन-चार अंशांपलीकडे क्वचितच वळतं. वसुलीसाठी मी महामार्गाने अणदूरला जातो. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात तेच छर्रे वाटीच्या त्याच जागी आपटत राहिले. पुढे हँडल सरळ झालं की सगळे छर्रे आपापल्या खळग्यात बसायचे. तेच ते ‘खट्’. नुसते छर्रे बदलून भागणार नव्हतं. आणि मी इतकी वर्षं नाकासमोर सायकल चालवली, त्याचं हे फळ!

सोलापूरच्या दुकानात जुनी वाटी आणि काडेपेटीत एक छर्रा घेऊन गेलो. दुकानदार म्हणाले, “चिमटा कुठाय?” वरची वाटी चिमट्याच्या आट्यांवर चढते, आटे जुळतात का, ते लावून बघावं लागतं. मग एसटीत चिमटा मांडीवर घेऊन पुन्हा प्रवास. शेजारच्या आजींनी विचारलं, “पाणी बघायचं हाय का हे?”

जुन्या वाट्या काढणं सोपं निघालं: नळीतून सळई घालायची आणि एकदा या कडेला, एकदा त्या कडेला ठोकायचं. बसवताना लाकूड ठेवून हातोडी मारली, तर वाटी तिरकी शिरली. आदिलशाहीत, १६१३ साली, बोरी नदी अडवून किल्ल्यात पाणीमहाल उभारणाऱ्यांच्या गावात मला एक वाटी सरळ बसवता येईना. शेवटी ग्रिलवाल्याकडून आट्यांचा लांब रॉड आणला. दोन्ही टोकांना जाड वायसर आणि नट लावून, मध्ये नळी धरून, हळूहळू आवळत गेलो. वाटी इमानदारीत आत सरकली.

भरपूर ग्रीस लावून वाटीत मावतील तितके छर्रे कोंबले, तर हँडल जाम. छर्रे एकमेकांना घासत होते. एक काढल्यावर मोकळे झाले. वरची वाटी हाताने आवळून चेकनट लावला, तर पुन्हा जाम, कारण चेकनट आवळताना वाटीही थोडी दाबली जाते. म्हणून आधी वाटी किंचित ढिली ठेवायची, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची आणि खडखड जाईपर्यंत जमवत राहायचं. जेवण ताटात गार झालं.

हँडल मोकळं आहे का, याची परीक्षा हात सोडून चालवण्यात असते, असंही मुलीने वाचून दाखवलं. तोल जाईल त्या बाजूला सायकल आपणच वळते आणि सावरते. २०११ साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी चाकांच्या गिरकीचा परिणाम काढून टाकलेली, स्वार नसलेली सायकल ढकलून दाखवली होती; तीही तशीच सावरली. अडकणाऱ्या हँडलला हे कुठून जमणार?

मिस्त्री परत आल्यावर सायकल दाखवायला नेली. त्यांनी पुढचं चाक उचलून हँडल सोडलं. ते अलगद एका कडेला पडलं. “बसली की बरोबर.” मग चाक दोन गुडघ्यांत धरून त्यांनी हँडलला एक हिसका दिला, कारण ते मी चाकाला तिरकं बसवलं होतं. “आता किल्ल्यापर्यंत हात सोडून जावा बगा.”

मी मान डोलावली आणि दुकान नजरेआड होईपर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो. हात सोडून सायकल मला कधीच चालवता आलेली नाही.