शुश्रूषेची वाटणी

माझे वडील, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू, वाईच्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा तालुक्यातील कोणत्या गावचा कोणता फेरफार कोणत्या साली मंजूर झाला, हे दफ्तर न उघडता सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. त्यामुळे सत्तरी उलटल्यावर सकाळी वाचून घडी घातलेले वर्तमानपत्र ते दुपारी पुन्हा नव्या कुतूहलाने उघडू लागले, ही गोष्ट आईच्या ध्यानात तत्काळ आली.

पुण्यातील मज्जाविकारतज्ज्ञांनी प्रथम थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घेतले, कारण त्यांच्या न्यूनतेने येणारे विस्मरण औषधाने बरे होऊ शकते. परंतु आबांच्या बाबतीत निदान झाले ते अल्झायमरचे. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने ज्याचे प्रथम वर्णन केले, त्या या विकारावर समूळ उपाय अद्याप नाही. गोळ्यांनी काहींची लक्षणे काही काळ थोपवून धरता येतात, इतकेच. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग सहसा आरंभीच ग्रासला जातो आणि नव्या घटनेची स्मृती तेथे रुजेनाशी होते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. आबांच्याच परिभाषेत बोलायचे, तर नवे कागद दाखलच होत नव्हते. जुने रुमाल मात्र जागच्या जागी शाबूत होते.

दिवस मावळू लागला, की आबांचा जीव कासावीस होई. अशा रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी पुष्कळदा वाढते. महसुली वर्ष ३१ जुलैला संपते, ही जाणीव त्यांच्या अंतःकरणात इतकी खोल मुरलेली होती, की भर पौषातही ते कोट चढवून म्हणत, “किल्ल्या दे. जुलै अखेर आली, जमाबंदी व्हायची आहे. साहेब खोळंबले असतील.” “अहो, तुम्ही केव्हाच निवृत्त झालात,” असे आई म्हणाली, की त्यांचा संताप अनावर होई. एका संध्याकाळी मात्र तिने शांतपणे विचारले, “आज कोणत्या गावाचं दफ्तर घ्यायचं?” आबा थबकले, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, “बावधन. मग पसरणी, ओझर्डे.” तिने समोर एक लांब वही, लाकडी आखणी आणि तांबडी पेन्सिल ठेवली, जेवणवेळ होईपर्यंत आबा रकाने आखीत बसले. त्यांची जमाबंदी काल्पनिक असली, तरी तिची चिंता खरी होती, आणि आईने उत्तर दिले ते त्या चिंतेला.

रात्री मात्र वही उपयोगी पडत नसे. आबा मध्येच उठून कडी काढीत. म्हणून आईने आपली वळकटी उंबऱ्याला आडवी टाकायला सुरुवात केली. तिचा रक्तदाब वाढला, भाजी चिरताना हात थरथरू लागला, तरी विचारले की तिचे उत्तर ठरलेले : “मला काय धाड भरली आहे?” एका दुपारी पानात भात वाढणाऱ्या तिला आबांनी अत्यंत अदबीने विचारले, “बाई, आपण कोणाकडच्या?” “याच घरातली,” ती म्हणाली, आणि भातावर वरण वाढले. घरी येणारा प्रत्येक जण “आबा कसे आहेत?” असे विचारी, ती कशी आहे, हे विचारणे कोणालाही सुचत नसे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अदमासे ८८ लक्ष लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतील बहुतेकांचा सांभाळ घरातच होतो, आणि तो बहुधा एखाद्या पत्नीच्या, सुनेच्या वा लेकीच्या शिरावर पडतो. आमच्या घरी ही जबाबदारी वाटून घ्यायची, असे भावाने, वहिनीने आणि मी ठरवले. रात्रीसाठी एक मदतनीस ठेवला, भाऊही आळीपाळीने जागू लागला. कडी दाराच्या वरच्या अंगाला गेली, सदऱ्याच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी शिवली आणि गुरुवारची संध्याकाळ आईच्या भजनासाठी मोकळी झाली. आरंभी तिने हरकत घेतली. मग ती झोपली, पुष्कळ झोपली. तिच्या आवाजातील त्रासिकपणा ओसरला, तशी आबांची सायंकाळची तगमगही कमी होत गेली. कारण नाव विसरलेला माणूससुद्धा समोरच्या चेहऱ्यावरचा शीण वाचू शकतो. शुश्रूषा करणाऱ्याची विश्रांती हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे, हे मी तेथे प्रत्यक्ष पाहिले.

म्हणून अशा घरी जाणाऱ्या प्रत्येकाला माझी आग्रहाची विनंती आहे. फळांची पिशवी ठेवून “काही लागलं तर सांगा” म्हणत निघू नये. सांगण्याइतकी उसंत त्या माउलीला नसते, आणि संकोच तर फार असतो. “मंगळवारी चार ते सहा मी यांच्यापाशी बसतो, तुम्ही पडा जरा,” असे वार आणि वेळ नेमून सांगावे, आणि त्या मंगळवारी चारच्या आधी तेथे हजर असावे.