लेकराला हवा लागेल!

वऱ्हाडातल्या माणसाला हिवाळ्याची भीती वाटावी, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. ज्या मुलखात मार्चअखेरीपासून झळा सुरू होतात, मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि दुपारचे रस्ते संचारबंदी पुकारल्यासारखे ओस पडतात, त्या मुलखाने खरे तर थंडीचे पायघड्या घालून स्वागत करायला हवे. पावसाळ्यात आमची काळी माती चप्पल सोडत नाही. उन्हाळा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. उरले काय? दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचे जेमतेम चार महिने. लहान मुलांनी बाहेर हुंदडावे असा वर्षातला एवढाच काळ. आणि नेमक्या त्याच काळात आपण त्यांना कानटोपीत कोंबून दारे लावून घेतो!

हे मी ऐकीव सांगत नाही. अमरावतीला आमच्या घरी आई पाळणाघर चालवते. दीड ते चार वर्षांची सात मुले. कुणाची आई शाळेत शिकवते, कुणाची बँकेत आहे, कुणाची परिचारिका. डिसेंबर लागला की सकाळी एकेक मूल येते ते इतक्या कपड्यांत, की आत मूल आहे याची खात्री करायला आधी नाक शोधावे लागते. मागोमाग सूचना येते, "काकू, आज बाहीर नका नेऊ वो. लय थंडी हाय. लेकराले हवा लागते."

'हवा लागणे' हा आमच्याकडचा मोठा सोयीचा आजार आहे. सर्दी, ताप, पोटदुखी, रात्रीचे रडणे, सारे त्यात बसते. बिचारी हवा! तिच्या बाजूने बोलायला कुणी नाही. आई मात्र बोलते. मूल ठेवायला येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी सांगते, "माझ्याकडे लेकरं रोज दोन तास बाहेर असतात. चालत असेल तर ठेवा."

तिचे नियम पक्के आहेत. अगदी सकाळी बाहेर पडायचे नाही. कारण थंडीत गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेल्या कचऱ्याचा धूर तिच्यातच साचतो. दहा वाजता दव वाळते, धूर वर जातो, मग निघायचे. अंगात सुती सदरा, वर स्वेटर, डोक्याला टोपी. चालून अंग तापले की स्वेटर काढायचा. मुलाला थंडी वाजते का हे त्याच्या हाताच्या बोटांवरून ठरवायचे नाही, मानेमागे हात घालून पाहायचे. तिथे घाम लागला तर कपडे जास्त झाले; तोच घाम पुढे वाऱ्याने गार पडतो.

आजीच्या जुन्या नऊवारी लुगड्याला सात गाठी मारल्या आहेत. एकेका मुलाने एकेक गाठ धरायची. पुढे आई, मागे मी. अशी आमची आगगाडी गल्लीच्या टोकाला असलेल्या रिकाम्या प्लॉटवर जाते. पलीकडे तुरीचे एक शेत अजून शिल्लक आहे. पिवळ्या फुलांच्या जागी शेंगा कशा येतात, हे या मुलांनी पुस्तकाआधी पाहिले. कापसाचे वाहन गेले की काट्याकुट्यांना अडकलेला कापूस वेचायचा, बोरे आंबट की गोड यावर भांडायचे, ढेकळे फोडायची. अकरा-साडेअकराला परतल्यावर ताटातली भाकरी मुकाट्याने संपते आणि झोपवायला अंगाई लागत नाही.

गेल्या वर्षी मात्र कसोटीचा प्रसंग आला. परिचारिकेच्या अडीच वर्षांच्या मुलीला दम्यासारखी धाप लागत असे. एका आठवड्यात तिला दोनदा दवाखान्यात न्यावे लागले. तिचे वडील आले आणि अंगणातूनच म्हणाले, "तुमच्या या फिरण्यापायी पोरगी मरन माही!" दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी मुले पाठवली नाहीत. सातांची चार झाली. माझी कॉलेजची फी या पाळणाघरातूनच भरली जाते, त्यामुळे त्या रात्री आमच्या घरात फारसे कुणी बोलले नाही. मी म्हटले, "आई, बसव ना मुलांना घरात. दोन महिन्यांचा तर प्रश्न." ती म्हणाली, "आणि मग वर्षभर त्यांनी काय भिंती पाहायच्या?"

पण हट्ट करणे निराळे आणि समजून घेणे निराळे. आई त्या मुलीच्या आईबरोबर डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सांगितले ते मीही ऐकले. सर्दी होते ती विषाणूंमुळे, आणि दारे-खिडक्या लावून एकाच खोलीत मुले दाटीने बसली की ते चटकन पसरतात. मात्र थंडीचा दोष काहीच नाही असेही नव्हे. गार, कोरड्या हवेने आणि धुराने अशा मुलांच्या श्वासनलिका आवळल्या जातात. म्हणून तिने औषध वेळेवर घ्यावे, नाकावरून मऊ रुमाल बांधावा, ऊन चांगले चढल्यावर निघावे, आणि धाप असेल त्या दिवशी घरात राहावे. उन्हाबद्दलही त्यांनी एक गैरसमज दूर केला. सातच्या कोवळ्या उन्हाची ऊब सुखाची खरी. पण ज्या किरणांमुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होते, ते सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोचतात, तेही हातपाय उघडे असतील तर. ते जीवनसत्त्व फार कमी पडले तर मुलांना मुडदूस होतो. ती मुलगी पंधरा दिवसांनी परत आली. गेलेल्या दोघांपैकी एकच आला.

हा विचार काही माझ्या आईने शोधलेला नाही. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये उघड्यावरची बालशाळा काढली. कोंदट खोल्यांत आजारी पडणारी मुले तिथे बागेत वाढू लागली. त्याच १९१४ साली आमच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. आणि ज्यांच्याशिवाय महाराष्ट्रातल्या बालशिक्षणाची गोष्ट पुरी होत नाही, त्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे या अमरावतीतच राहत होत्या! पुढे १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळा कुरणावर नेली. १९७५ मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर झाला. शब्द गावोगाव पोचला. अंगण मात्र मागे राहिले.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते असे वाटते. संक्रांतीनंतर लहानग्याचे बोरन्हाण करतात. डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओततात. शिवारात त्या दिवसांत जे जे पिकते, त्याच्याशी मुलाची ओळख करून देण्याची ही किती गोड रीत! पण आता बोरे बाजारातून आणायची, सतरंजीवर सांडायची, फोटो काढायचे आणि मुलाला पुन्हा शालीत गुंडाळायचे.

अकोल्याला माझी मावशीही पाळणाघर चालवते. तिचे घर तिसऱ्या मजल्यावर. अंगण नाहीच. ती मुलांना गच्चीवर नेते. इमारतीतल्या काहींनी गलक्याची तक्रार केली आणि गच्चीला कुलूप लागले. मावशी पदर खोचून सगळ्यांच्या घरी गेली. आता किल्ली मिळते, पण दहा ते अकरा एवढाच वेळ. त्या एका तासात मुले कुंडीतल्या मातीत हात घालतात, स्वतःच्या सावलीवर उड्या मारतात. मी विचारले, "मावशी, एका तासानं काय होते?" ती म्हणाली, "काहून नाही होत? चोवीसातला तेवढाच त्यांचा हाय."

वाचकहो, तुमच्या घरात लहान मूल असेल तर हा हिवाळा जाऊ देऊ नका. दहा वाजता दार उघडा, त्याचे बोट धरा आणि निघा. हवा लागेल, तीच तर लागायला हवी आहे.