हार-तुरे नंतर, आधी चेस्ट गार्ड द्या!



आज थोडं खेळाबद्दल. राजकारण उद्या आहेच.

अरुणा तंवर हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातलं दिनोद हे तिचं गाव. वडील ड्रायव्हर. जन्मतःच हात लहान, दोन्ही हातांना तीन-तीन बोटं. पोरगी तायक्वांदो शिकली, सुरुवातीला धडधाकट पोरींशीच खेळली. मग पॅरा तायक्वांदोत आली. 2021 च्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदाच होता आणि त्यात भारताकडून उतरलेली पहिली खेळाडू अरुणा.

पहिली लढत तिने सर्बियाच्या खेळाडूविरुद्ध 29-9 ने जिंकली. पुढच्या फेरीत पेरूच्या लिओनोर एस्पिनोझाकडून 84-21 ने हरली. सुवर्णपदक त्याच एस्पिनोझाने नेलं. अरुणाला कांस्यपदकाच्या वाटेवर अजून संधी होती, पण दुखापत आडवी आली. 2023 ला हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कांस्य. 2024 ला पुन्हा पॅरालिम्पिक, पॅरिस. पहिल्याच लढतीत 19-0 ने पराभव.

कुणी म्हणेल, यात मोठं काय? मोठं हे, की तायक्वांदो 2000 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे आणि पॅरिसपर्यंत आपला एकही खेळाडू, मुलगा असो की मुलगी, तिथे पात्र ठरला नाही. एवढ्या मोठ्या देशात जी मॅटपर्यंत पोचली ती ही ड्रायव्हरची लेक. तीही दोनदा.

हे आज लिहायचं कारण घरातलं आहे. माझी पुतणी तायक्वांदो शिकते. पहिल्या दिवशी आमच्या म्हातारीनं कपाळावर हात मारला. "पोरीच्या जातीले लाथा मारायले शिकवता का रे?" आता तीच म्हातारी संध्याकाळी विचारते, "आज गेली नाही का वो पोरगी?" म्हणजे घर बदललं. बाहेरचं सांगतो.

या खेळात आता गुण पंच नुसत्या डोळ्यांनी देत नाही. छातीवरच्या गार्डमध्ये सेन्सर असतो, पायातल्या मोज्यातही असतो. लाथ योग्य जागी, पुरेशा जोरात बसली तरच मशीन गुण देते. छातीवरच्या साध्या लाथेला 2, फिरून मारली तर 4. आमच्या वर्गात हे गार्डच नाही. पोरी साध्या पॅडवर शिकतात. विभागीय स्पर्धेला गेल्या की ते आयुष्यात पहिल्यांदा अंगावर चढतं. लाथ बसते, आवाज येतो, बोर्डावर मात्र शून्य. मशीनला किती जोर लागतो हे पोरीला कळेपर्यंत लढत संपलेली असते. मग घरी येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसते आणि आपण म्हणतो, "प्रॅक्टिस कमी पडली असेल."

शालेय स्पर्धेची शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी आहे. आपल्या पोरी जिल्ह्यापर्यंत जिद्दीवर जातात. विभागात त्यांच्यासमोर रोज सेन्सरवर सराव करणारी पोरगी उभी असते. तिथे नुसती जिद्द पुरत नाही.

दुसरी गोष्ट सर्टिफिकेटची. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. तायक्वांदोत संघटनांचे वाद कोर्टापर्यंत गेलेत. म्हणून पालकांनो, फी भरण्याआधी विचारा, ही स्पर्धा कोणत्या संघटनेची, तिला मान्यता कुणाची? मेडल कपाटात चमकतं, पण नोकरीच्या फाइलीत कागदच लागतो.

माझी मागणी साधी आहे. जिल्हा नियोजनाच्या पैशातून इलेक्ट्रॉनिक गार्डचे चार-पाच संच घ्या. जिल्हा क्रीडा संकुलात ठेवा. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूरच्या वर्गांना आठवड्यातून एक दिवस ठरवून द्या. त्यात दिव्यांग मुलींनाही बोलवा, कारण आपल्याही एखाद्या गावात एखादी अरुणा घरात बसून असेल आणि घरच्यांना हा खेळ तिच्यासाठीही आहे हे माहीतच नसेल.

चौकात अभिनंदनाचं बॅनर लावायला पोरगी जिंकायची वाट पाहावी लागते. गार्ड घ्यायला नाही.

तुमच्या तालुक्यात काय परिस्थिती आहे, कमेंटमध्ये लिहा. यादी करून निवेदन देऊ.