वॉल्ट्झच्या आधी ताडासन

बॉलरूम डान्स म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? चकचकीत फ्लोअर, काळ्या सुटातला तो, घेरदार गाऊनमधली ती आणि मागे व्हायोलिनचे सूर. बरोबर? २००६ साली टीव्हीवर 'झलक दिखला जा' सुरू झालं आणि घराघरात चा-चा-चा, रुंबा, वॉल्ट्झ ही नावं पोहोचली. पण या चित्रात एक गोष्ट कधीच दिसत नाही. कंबर! म्हणजे लचकणारी दिसते, दुखणारी दिसत नाही.

मी राहते दौंडला आणि नोकरी करते पुण्यात. पाटस, केडगाव, यवत, उरुळी करत जायला पंचाहत्तरेक किलोमीटर, यायला तेवढेच. मध्ये आठ-नऊ तास खुर्ची. नवरा कुरकुंभ एमआयडीसीत, शिफ्ट ड्यूटी. मी सकाळी निघते तेव्हा तो नाईट करून झोपलेला, मी परत येते तेव्हा तो डबा भरून निघायच्या घाईत. लग्नाला चार वर्षं झाली, तरी आमचा निम्मा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चाललेला. म्हणून दोघांनी मिळून रविवारची दुपार राखून ठेवली. पुण्यात बॉलरूमचा क्लास, दोन तास, मोबाइल बंद आणि समोरासमोर!

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "नाचायला एवढ्या लांब कशाला जाता गं? आपलं चौफुला काय वाईट आहे?" लावणीच्या कला केंद्रांसाठी प्रसिद्ध असलेलं चौफुला आमच्याच तालुक्यात. यावर काय बोलणार? आम्ही हसलो आणि गाडी पकडली.

सहा महिने मस्त गेले. मग माझ्या कंबरेत एक बारीक कळ येऊन बसली. आधी फक्त क्लासनंतर यायची, मग गाडीत, मग ऑफिसच्या खुर्चीतही. डॉक्टरांनी तपासलं. मणके ठीक होते, पण दिवसभर बसून मांड्यांचे पुढचे स्नायू आखडलेले आणि पोटाचे, पाठीचे ढिले पडलेले. "महिनाभर नाच बंद. पुढचं पुढे बघू," डॉक्टर म्हणाले. ऐकायला सोपं वाटतं. पण नाच बंद म्हणजे आमचा रविवार बंद, आणि रविवार बंद म्हणजे पुन्हा फ्रिजवरच्या चिठ्ठ्या!

वाकडं नाचायचं, सरळ राहायचं

फिजिओथेरपिस्टबाईंनी विचारलं, "नाचताना उभी कशी राहतेस, दाखव." मी वॉल्ट्झची पोझ घेतली. या पोझमध्ये बाईची मान डावीकडे, पाठीचा वरचा भाग मागे आणि डावीकडे झुकलेला. शिवाय पायात दोन-अडीच इंची हील, आणि बरीचशी पावलं उलटी, मागे मागे टाकायची. व्हिएनीज वॉल्ट्झ असेल तर मिनिटाला ५८ ते ६० बार, म्हणजे १८० च्या आसपास ठोके! शरीर सतत एकाच बाजूला कललेलं राहतं. छातीमागचा कणा आखडलेला असेल तर मागे झुकण्याचं सगळं काम बिचाऱ्या कंबरेवर येतं. त्यात आपण ऑफिसवाले. आपला छातीमागचा कणा कीबोर्डपुढे कधीच गोठलेला.

बाईंनी उपाय सांगितला तो क्रॉस-ट्रेनिंगचा. म्हणजे नाचासाठी लागणारी ताकद नाचाबाहेरच्या व्यायामातून मिळवायची. "थोडा योग, थोडं पिलाटेज," त्या म्हणाल्या. मला वाटलं, हे काय फ्युजन? पण खोलात गेले तर कळलं की कलाकारांसाठी हा फंडा अजिबात नवा नाही, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या पुण्यात आहे.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योग शिकवायला आले. १९५२ मध्ये जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन भारतात आले, तेव्हा त्यांची अय्यंगारांशी गाठ पडली. वर्षानुवर्षं व्हायोलिन हनुवटीखाली धरून त्यांचं शरीर थकलेलं होतं. तेही एकाच बाजूला कललेलं काम, आमच्या वॉल्ट्झसारखंच! आसनांचा त्यांना इतका उपयोग झाला की पुढे त्यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिलं आणि 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकाला' अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरून घेतले. व्हायोलिन न शिकवता मिळालेली ही पदवी! १९७५ पासून शिवाजीनगरच्या मॉडेल कॉलनीत अय्यंगारांची संस्था आहे. पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, दोर वापरून कुठल्याही शरीराला आसनापर्यंत पोहोचवायचं, ही त्यांची खासियत.

दुसरा धागा जर्मनीतला. १८८३ मध्ये जन्मलेले जोसेफ पिलाटेज पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये नजरकैदेत होते. तिथे त्यांनी आपली व्यायामपद्धत घडवली आणि तिला नाव दिलं 'कंट्रोलॉजी'. पुढे न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ काढल्यावर तिथले नर्तक त्यांच्याकडे यायला लागले. नाचणाऱ्यांना दुखापतीतून उठायचं होतं आणि पिलाटेजचा सगळा भर पोट, कंबर आणि नितंबांच्या पट्ट्यावर होता.

आमच्या गच्चीवरचा स्टुडिओ

दौंडचं ऊन तुम्हाला माहीत असेल, तर आमचा व्यायाम पहाटेच का होतो हे सांगायला नको. नवरा नाईटवरून आला की आधी गच्ची, मग झोप. पट्ट्याच्या जागी माझी ओढणी, ठोकळ्याच्या जागी त्याची एमपीएससीची जाडजूड पुस्तकं. (परीक्षेला नाही, पण कंबरेला उपयोगी पडली!)

सुरुवात ताडासनाने. नुसतं उभं राहायचं, पण वजन दोन्ही पावलांवर सारखं. करून बघा, घाम फुटतो. मग एका पायावरच्या तोलासाठी वृक्षासन, हीलने आखडलेल्या पोटऱ्यांसाठी अधोमुख श्वानासन, छातीमागचा कणा मोकळा व्हायला सेतुबंधासन. खुर्चीवर बसून पीळ देण्याचा प्रकार मी ऑफिसातही करते. दोन्ही बाजूंना करते, पण उजवीकडे जरा जास्त थांबते, कारण नाच मला कायम डावीकडे झुकवतो.

मग पिलाटेज. 'हंड्रेड'मध्ये पाठीवर पडून डोकं आणि पाय उचलायचे, हात शंभर वेळा हलवायचे, पाच ठोक्यांत श्वास आत, पाच ठोक्यांत बाहेर. पहिल्या आठवड्यात मी चाळिसावर आडवी व्हायचे. शिवाय कुशीवर झोपून पाय पुढे-मागे न्यायचा, पण कंबर जराही हलू द्यायची नाही. रुंबात हेच लागतं. पाय आणि कटी फिरतात, छाती मात्र शांत.

योग तुम्हाला एका जागी थांबायला शिकवतो, पिलाटेज हलताना ताबा ठेवायला. नाचाला दोन्ही लागतं. एक मात्र लक्षात ठेवा. नाचायच्या अगदी आधी खूप वेळ ताण धरून ठेवू नका, त्याने स्नायूंचा जोर काही काळ कमी होतो. आधी हलक्या हालचाली, लांबलचक आसनं नाचानंतर. आणि कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर गच्ची नको, दवाखाना गाठा.

महिन्याचे दोन महिने झाले, पण आम्ही परत फ्लोअरवर आलो. कळ पूर्ण गेली असं नाही. तीन दिवस चटई उघडली नाही की ती हजर होते. पण गंमत वेगळीच झाली. आठवड्यातून एक रविवार वाचवायला निघालो होतो, हाती लागल्या चार-पाच पहाटा. फ्रिजवर आता फक्त दुधाचा हिशेब असतो.

क्लासमध्ये सर नेहमी सांगतात, पार्टनरच्या खांद्यावर हात ठेवायचा, भार नाही. प्रत्येकाने आपापल्या पायांवर उभं राहिलं तरच दोघांना मिळून फिरता येतं. पुढच्या रविवारी फॉक्सट्रॉट सुरू होतोय. सासूबाईंनी विचारलंय, "तो फॉक्सट्रॉट बसून बघता येतो का गं? मी पण येते."